तीन भोकं बंद, तोच सा

वाचकांचे प्रश्न, एनिसच्या ताईंची उत्तरं

या महिन्याच्या टपालात चार पत्रं निघाली टिन व्हिसलची, म्हणजे उभी धरून फुंकायच्या सहा भोकांच्या छोट्या बासरीची. आयर्लंडमधल्या बऱ्याच शाळांत मुलांच्या हाती हे वाद्य पहिल्यांदा दिलं जातं, त्यामुळे इथे आलेल्या मराठी घरांतही ते दप्तरातून शिरतं आणि मग आईबाबा, आजीआजोबा असे सगळेच फुंकून बघतात. मी मूळची मिरजेची, क्लेअर परगण्यातल्या एनिसला येऊन 19 वर्षं झाली, व्हिसल हातात धरून 16. तेवढ्या अधिकारानं लिहिते.

प्रश्न: ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून गॉलवेला आलो. धाकटीला शाळेत टिन व्हिसल आहे. ती बघून माझेही हात शिवशिवले. पुण्यात मी सहा वर्षं बासरी शिकले, त्यामुळे वाटलं, आठवड्याभरात येईल. तीन महिने झाले, बोटं सा शोधत भलतीकडेच जातात. शनिवारच्या वर्गात सर कागद देत नाहीत. दोन ओळी वाजवतात आणि 'आता तुम्ही' म्हणतात. मग मी घरी नोटेशन शोधून त्यावरून वाजवते, तर लेक म्हणते, "आई, बरोबर आहे, पण तसं नाहीये." नेमकं काय चुकतंय? (एक वाचक, गॉलवे)

उत्तर: लेकीचा कान तयार आहे, आधी तिला शाबासकी द्या.

'सा'चा गोंधळ पहिल्यांदा मिटवू. तुमच्या बासरीवर वरची तीन भोकं बंद केली की सा. व्हिसलच्या पुस्तकात मात्र पहिलं चित्र असतं सहाही भोकं बंद केल्याचं. त्या स्वराला डी म्हणतात आणि तिथून एकेक बोट उचलत वर चढतात. म्हणजे तुमचा मंद्र पंचम, खालच्या सप्तकातला प, हा त्यांचा उंबरा. डी मेजरच्या धुनांत तोच सा होतो, आणि सहा वर्षं तीन बोटांवर सा धरलेला हात तिथे अडखळतो. अडखळणारच. पण जी मेजरच्या धुनाही ढिगानं आहेत, आणि जी म्हणजे वरची तीन भोकं बंद. तोच सा. पुढचे रे, ग, खालचा नी, ध, सगळं जिथल्या तिथे. फरक फक्त मध्यमाचा. सगळी भोकं उघडी म्हणजे तीव्र मध्यम, हे इथेही तसंच. शुद्ध मध्यमासाठी बासरीवर आपण वरचं भोक अर्धं दाबतो. व्हिसलचं भोक इतकं बारीक की वेगात ते अर्धं दाबणं म्हणजे पळता पळता सुईत दोरा ओवणं. म्हणून वरचं भोक उघडं ठेवायचं आणि त्याखालची दोन बंद करायची, की शुद्ध मध्यम मिळतो.

तेव्हा तुमच्या सरांना सांगा, मला पहिली धून जीमधली द्या. बहुतेक ते केश जिगच काढतील, नवशिक्यांना ती हमखास देतात. तिचा पहिला भाग मी तुमच्यासाठी सरगमात लिहिते, हा शेवटचा कागद समजा:

सा – – सा रे ग | रे – – रे ग प | ध प प सां प प | ध प ग प ग रे |
सा – – सा रे ग | रे – – रे ग प | ध प प सां प ग | रे सा नी सा – – |

वाचल्याबरोबर ओळखलं असेल तुम्ही. भूप रागच! मध्यम औषधालाही नाही, आणि निषाद येतो तो अगदी शेवटी, सावर परतताना मंद्रातून डोकावून जातो तेवढाच. मला हे कळलं तेव्हा मी हातातली कढई तशीच गॅसवर सोडून व्हिसल घेतली होती. अर्थात हा भूप नाही. भूपाचं चलन, गंधारावरची विश्रांती, धैवतावरचा तो ठेहराव, यातलं काही इथे शोधू नका. स्वर तेच, पण यांना पाय आहेत.

तुमचं जे 'तसं' होत नाही ते इथे. जिग हा नाच आहे. कागदावर सहा सारखे तुकडे, तीन-तीनचे दोन गट, म्हणजे मोजायला आपला दादराच. पण सहाही मात्रा सारख्या वाजवल्यात तर शिवणयंत्र चालू केल्यासारखं होतं. तीनच्या गटातली पहिली मात्रा किंचित पसरते, मधली चोरटी होते आणि तिसरी पुढच्या पहिलीला ढकलते. किती पसरायची हे कागदावर लिहिता येत नाही. आपल्याकडे तबला शिकणारं पोर आधी बोल म्हणतं, ठेका तोंडात बसल्याशिवाय हाताला येत नाही. इथेही तीच रीत आहे, तिला लिल्टिंग म्हणतात. 'डिडल्डी डिडल्डम' असले निरर्थक बोल लावून धून तोंडानं म्हणायची. वाद्य नसलं तर जुने लोक अशा लिल्टिंगवर नाचायचेसुद्धा. तुम्ही आठ दिवस व्हिसलला हात लावू नका. सरांचं वाजवणं त्यांना विचारून फोनवर घ्या, भांडी घासताना ऐका, आणि तोंडानं म्हणत राहा. लेक 'आता तसं वाटतंय' म्हणाली की मगच व्हिसल काढा.

कागदाबद्दल माझी गोष्ट सांगते. मला शिकवलं आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं. संध्याकाळी गाईंचं दूध काढून झालं की ते गमबूट घालूनच स्वयंपाकघरात बसायचे. एक ओळ ते वाजवायचे, मग मी. चुकले तर अक्षर बोलायचे नाहीत, तीच ओळ पुन्हा, तेवढ्याच संथपणे. मी फार्मसीत काम करते. पहिल्याच आठवड्यात मी हुशारी करून एका कोऱ्या प्रिस्क्रिप्शनच्या मागे सरगम लिहून नेली होती. त्यांनी ती उलटसुलट बघितली, "छान अक्षर आहे" म्हणाले, आणि चहाच्या किटलीखाली बुडाचा डाग पडू नये म्हणून सारली. त्यांच्या बुटाची टाच फरशीवर सारखी पडत असायची. माझी ओळ विसकटली की ते व्हिसल थांबवायचे, टाच थांबवायचे नाहीत. मी त्या टाचेवर कुठून तरी परत चढायची. आजही ताल सुटला की मला व्हिसल ऐकू येत नाही, फरशी ऐकू येते.

पण याचा अर्थ कागदाला इथे किंमत नाही असा नव्हे. कॉर्क परगण्यातून परदेशी गेलेला फ्रान्सिस ओनील शिकागोत पोलीसप्रमुख झाला आणि त्यानं 1903 साली 1850 धुनांचा संग्रह छापला. आजही लोक धुनेवरून वाद झाला की तो उघडतात. गंमत अशी की या माणसाला स्वतःला नोटेशन लिहिता येत नव्हतं. तो वाजवून दाखवायचा आणि त्याच्याच खात्यातला जेम्स ओनील नावाचा दुसरा पोलीस ते कागदावर उतरवायचा. कागद आठवण ठेवायला आहे, शिकायला कान. तुमच्या बासरीच्या गुरूंनीही याहून वेगळं काही सांगितलं नसेल.

आता सजावट. वरच्या ओळीत 'सा – –' आणि 'रे – –' असे लांब स्वर आहेत ना, तिथे इथले वादक रोल घेतात. सा धरायचा, मध्येच डाव्या हाताचं एक बोट निमिषभर उचलायचं, परत सा, मग उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं खालच्या भोकावर एक चापट, परत सा. एका लांब 'सा'चे तीन सा झाले, तेही जिगच्या तीन मात्रांत बसून. वर उचललेल्या बोटाचा तो 'कट'. तुम्हाला तो कणस्वर वाटेल आणि तुम्ही त्याला सुरेल करायला जाल. जाऊ नका. कणस्वराला नाव असतं, गाव असतं. कट हा स्वर नव्हेच, स्वराला मारलेली टिचकी आहे. तो कोणता स्वर होता हे ऐकणाऱ्याला कळलं, तर तो फार लांबला. आणि मींड तर पहिलं वर्षभर कुलूपबंद ठेवा. तुमचं बोट सवयीनं सरकेल, मग ऐकणारा कौतुक करेल की किती भारतीय वाटतंय. ते कौतुक नाही. संथ गाण्यांच्या चालींत, ज्यांना इथे स्लो एअर म्हणतात, सरकत्या बोटाला जागा आहे, पण ते पुढचं पान.

खरं तर सहा महिने रोलही नकोत. क्लेअरच्या किनाऱ्यावरच्या डूलिन गावचा मिको रसेल (1915–1994) अगदी साधं वाजवायचा, आणि ते ऐकून पाय जागेवर राहात नाही. मग मेरी बर्गिन ऐका, 1979 सालची तिची रेकॉर्ड अजून सगळ्या व्हिसलवाल्यांच्या घरी असते. तिथे जीभ आणि बोटं यांची अशी जुगलबंदी आहे की पहिल्या दिवशी माणूस व्हिसल विकायला काढेल. म्हणून क्रम पाळा, आधी मिको.

श्वासाचंही सांगून टाकते, कारण बासरीवाल्यांची खोड मला माहीत आहे. तुम्ही स्वर संपायची वाट बघत असाल. जिगमध्ये स्वर संपतच नाहीत. श्वासासाठी एक स्वर सरळ गाळायचा, ठोक्यावरचा नव्हे, मधला एखादा. किंवा लांब 'सा'चं शेपूट कापायचं. गाळलेल्या जागेनंही ताल दिसतो, आणि दर फेरीत वेगळ्या जागी श्वास घेतला की धून शिळी होत नाही.

प्रश्न: माझं वय 71. डब्लिनला असलेला नातू सुट्टीत आला होता, जाताना त्याची जुनी व्हिसल मला देऊन गेला. आयुष्यात कुठलंच वाद्य वाजवलेलं नाही. खालचा सूर लावायला गेलो की किंकाळी निघते. वरचे सूर निघतात, पण सोसायटीतले लोक खिडक्या लावून घेतात. थोड्या वेळानं आवाज घोगरा होऊन बंदच पडतो. व्हिसल खराब आहे की मी? (एक आजोबा, सातारा)

उत्तर: काका, तुम्हीही चांगले आणि व्हिसलही, असं धरून चालू. खात्री करायची तर चिकटपट्टी घ्या आणि सहाही भोकं नीट बंद करा. आता अगदी हलकेच फुंका, आरशावर वाफ धरतो ना, तेवढं. गंभीर, स्थिर सूर आला तर व्हिसल ठणठणीत आहे. मग खालून एकेक भोक मोकळं करून तिथे बोट ठेवत जा. ज्या बोटापाशी किंकाळी परत येईल तो चोर. बहुतेक वेळा अनामिका असते, डाव्या नाही तर उजव्या हाताची, भोकाच्या काठावरून केसभर हवा सोडणारी. बोटाचं टोक टेकवू नका, पेराची गादी ठेवा, आणि दाबू नका. दाबलं की बोट ताठरतं आणि अजून गळतं. दहा मिनिटांनी बोटांवर गोल वळ उठलेले दिसले तर समजा जोर जास्त होतोय.

घोगरं होऊन बंद पडणं म्हणजे व्हिसलच्या तोंडाच्या फटीत वाफेचे थेंब जमणं. वाजवायच्या आधी व्हिसलचं तोंड पाच मिनिटं मुठीत किंवा बंडीच्या खिशात गरम करा, धातू गार असला की जास्त पाणी धरतं. तरीही अडकलं तर वरची खिडकी, म्हणजे जिथून आवाज फुटतो ती चौकोनी खाच, बोटानं झाका आणि एकदा जोरात फुंका. झाकायला विसरलात तर सोसायटीची मीटिंगच भरेल. धुवायचं तर कोमट पाण्यानं. प्लास्टिकचं तोंड बसवलेली व्हिसल उकळत्या पाण्यात टाकू नका, आतला गोंद सुटतो. दातांत धरू नका, नुसत्या ओठांत.

आणि शेजारी. त्याच खिडकीच्या एका कडेला चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून बघा, थोडा सरकवत सरकवत. आवाज निम्म्यावर येतो, सूर जरा धुरकट होतो, पण सरावाला चालतं. नातवाच्या व्हिसलचा सर्वांत खालचा सूरच मुळात बासरीपेक्षा बराच वरचा, तेव्हा त्यावरचं सप्तक कर्कश लागतं यात तुमचा दोष नाही. पहिले दोन महिने खालच्या सप्तकातच राहा. तुम्हाला पाठ असलेली एखादी आरतीची चाल डोक्यात धरून सूर शोधलेत तरी माझी हरकत नाही. आयरिश धून नंतर नातवाकडून फोनवर एकेक ओळ शिका. तो एक ओळ वाजवेल, मग तुम्ही. त्याला सांगा, चुकलं तर बोलायचं नाही.

प्रश्न: नवी व्हिसल घ्यायची आहे. दुकानात दहा युरोपासून दोनशे युरोपर्यंत दिसतात. कोणती घेऊ? (एक वाचक, डब्लिन)

उत्तर: दहा-पंधरा युरोची, डी सुराची. डी म्हणजे डीच, बाकीच्या सुरांच्या नंतर. क्लार्कची पत्र्याची निमुळती असते, तिच्या तोंडात लाकडाचा ठोकळा, आवाज हवेशीर. ही इंग्लंडमधल्या रॉबर्ट क्लार्कनं 1843 साली पहिल्यांदा बनवली, म्हणजे आयर्लंडचं हे घराघरातलं वाद्य कारखान्यातून निघालं ते इंग्लंडच्या! जनरेशन आणि फ्यडोग या पितळी नळीच्या, प्लास्टिकच्या तोंडाच्या. स्वस्त व्हिसलींत एकाच खोक्यातल्या दोन सारख्या वाजत नाहीत, तेव्हा दोन घ्या. दोनशे युरोवाल्यांचा विचार तीन वर्षांनी. मोठी लो व्हिसल मात्र आत्ता नको, भोकं लांब लांब आणि फुंकर दुप्पट, हौस फिटते.

प्रश्न: ताई, मी लिमरिकला एमएस करतोय. वर्षभर व्हिसल शिकलोय, पंधराएक धुना येतात. आता पबमधल्या सेशनला, म्हणजे वादक एकत्र बसून वाजवतात त्या बैठकीला, जाऊन बसायचं आहे. काय पाळायचं असतं? माझ्याकडे ढोलकीही आहे, ती नेली तर? (एक विद्यार्थी)

उत्तर: ढोलकी घरी ठेव. तुझी ढोलकी वाईट म्हणून नव्हे. सेशनमध्ये बौरान नावाचा डफासारखा चामड्याचा ताल असतो, आणि एका टेबलाशी एक बौरान पुष्कळ झाला असं सगळे मानतात, बौरानवाला सोडून. त्यांच्या धुनेतच ताल असतो, तो दाखवायला वेगळा माणूस लागत नाही. एखाद्या घरी चारजण ओळखीचे झाले, कुणी स्वतःहून विचारलं, तर काढ, आणि जिगला दादरा लावताना लग्ग्या, म्हणजे ते जलद सजावटीचे बोल, अजिबात नकोत.

पहिले दोन वेळा नुसता ऐकायला जा, काहीतरी पेय घेऊन कडेला बस. तीन धुनांचा एक सेट असतो, प्रत्येक धून दोन-तीनदा वाजते आणि मध्ये न थांबता पुढची सुरू होते. कुणाच्या नजरेनं, कुणाच्या 'हप' म्हणण्यानं बदल होतो ते बघ. रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसू नकोस, ती नेहमीच्या एखाद्या फिडलवाल्याची, म्हणजे व्हायोलिनवाल्याची असते. विचार, बसवून घेतात. येत नाही ती धून वाजली तर व्हिसल मांडीवर. अंदाजे सूर मिसळत बसणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, पण लक्षात ठेवतात. रेकॉर्डिंगही विचारून. कुणी "तू एक सुरू कर" म्हणालं तर तुझी सर्वांत सोपी धून काढ आणि तुला झेपेल त्या वेगात काढ, कारण सुरू करणाऱ्याचा वेग सगळे पाळतात. तुला जमणाऱ्या पंधरांपैकी सेशनच्या वेगात चारच जमतील, त्यात लाज नाही. लिमरिकच्या आसपास संथ सेशनही चालतात, तिथून सुरुवात कर. जुलैच्या सुरुवातीला क्लेअरमधल्या मिलटाउन मालबेला विली क्लॅन्सी समर स्कूल असतं, 1973 पासून. आठवडाभर सकाळी वर्ग आणि मग गावात जिथे भिंत दिसेल तिथे सेशन. सुट्टी मिळाली तर चुकवू नकोस, खोली मात्र आधीच बघ.

आणि निघताना व्हिसलवरचं अक्षर वाच. माझ्या दुसऱ्या वर्षी मी किनाऱ्यावरच्या एका गावात पहिल्यांदा सेशनला बसले. पिशवीतून व्हिसल काढली, केश जिग चालू होती, माझी हातखंडा, जोशात शिरले. काहीतरी भयंकर होत होतं. मला वाटलं फिडलवाल्याची तार उतरली. मी डोळे मिटून अजून मन लावून वाजवायला लागले. दुसऱ्या फेरीला शेजारच्या कॉन्सर्टिनावाल्या (भात्याची छोटी हातपेटी) बाईंनी वाजवता वाजवताच मान वाकवून माझी व्हिसल बघितली आणि हळूच म्हणाल्या, "सुंदर वाजवतेस गं, पण ती सीची आहे." पूर्ण एक स्वर खाली, अख्ख्या पबच्या पुढ्यात! मला उठून पळावंसं वाटलं. त्यांनी धून संपेपर्यंत मला बसवून ठेवलं, मग आपल्या पिशवीतून डीची काढून दिली. ती सीची व्हिसल तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात असते.